नैवेद्याआधी

"वहिनी, ही आता भंगारातच द्या," किका मारून दमलेले मिस्त्री म्हणाले. मी नुसता हात हलवून नको म्हटलं. यांना अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले. तेव्हापासून स्कूटर बंद आणि यांचं बोलणंही. वाचा परत यावी म्हणून मी रोज दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन पाळते.

मिस्त्रींनी पुन्हा किक मारली. गाडी फुरफुरून थांबली.

दारातल्या खुर्चीवरून आवाज आला, "आडवी... कर रे."

मिस्त्रींनी चमकून स्कूटर कुशीवर झुकवली, उभी केली, किक मारली. ती धडधडत सुरू झाली, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. नैवेद्याला अजून तास होता. मनात देवाची क्षमा मागून मी यांना विचारलं, "काय म्हणालात?"

"बहिरी... झालीस का?"