बी किडावाचे पोपो

शेजारच्या गावचा प्रमुख, शेहा हाजी फाकी, ढोलकरी घेऊन बी किडावाच्या अंगणात शिरला, तेव्हा ती वाळत घातलेल्या लवंगांची चटई आंब्यापासून लांब ओढत होती. आंब्यावर पोपो उलटे लटकले होते. तांबूस लव, कोल्ह्याचं तोंड, काळे पंख अंगाभोवती लपेटलेले. हे वटवाघूळ साऱ्या जगात फक्त आमच्या पेंबा बेटावर आहे, आणि यंदा बेटावरही मुख्यतः बी किडावाकडे.

त्याआधी ते शेहाच्या गावात होते. त्यांना बघायला एक मंत्री येणार म्हणून शेहाने झाडावरच कर्णे बांधले. भाषण संपलं तेव्हा मंत्री होता, पोपो नव्हते.

"आमची लेकरं आहेत ही, बाई. न्यायला आलोय," शेहा म्हणाला.

"न्या की. कडेवर नेणार का?"

"ढोल आणलेत. आवाजाने गेली, आवाजानेच परततील."

ढोलकऱ्यांनी हात उचलले. वर एका मादीने पंख किंचित उघडला आणि आतल्या पिल्लावर पुन्हा घट्ट मिटला. किडावाने ते पाहिलं.

"चपला काढा," ती म्हणाली. "झाडाखाली कबर आहे."

चपला आधी निघाल्या, शंका मग आली. आमच्याकडे कबरीपाशी कुणी आवाजसुद्धा चढवत नाही. ढोल तर लांबच राहिला. बुंध्याशी दगडांचा लांबट चौकोन होता खरा. त्याचा चुना अजून ओला होता.

"कुणाची?" शेहाने हळूच विचारलं.

"माझ्या नवऱ्याची. मकामेची."

"मकामे? अगं, परवाच मोंबासाहून फोन होता त्याचा!"

"असेल. तिथल्या बायकोसाठी जिवंत असेल. त्या निकाहाचे साक्षीदार तुम्हीच ना? मग सांगा की या सगळ्यांना, मकामे कुठे आहे, कुणाबरोबर आहे आणि त्याला तिथे पोचवला कुणी."

ढोलकरी शेहाकडे बघू लागले. त्यांतला एक शेहाचा मेहुणा होता; तो जरा जास्तच बघू लागला.

शेहाने मान वर करून पोपोंकडे पाहिलं. मग हात पसरून फातिहा पढला. पूर्ण, सावकाश, हलक्या आवाजात. ढोल जमिनीवर ठेवून बाकीच्यांनीही हात पसरले. मधेच एक पोपो जागा झाला, शेहाच्या पांढऱ्या टोपीवर हलका झाला आणि परत झोपला. शेहाने टोपी पुसली नाही. कबरीपाशी ते बरं दिसत नाही.

चपला हातात घेऊन सगळे कुंपणापर्यंत चवड्यांवर चालत गेले. तिथे शेहा थांबला.

"मकामेचा पुन्हा फोन आला तर काय सांगू?" तो कुजबुजला.

किडावा आंब्याकडे बघत होती.

"सांगा, जागा चांगली मिळालीय. असे शेजारी तर जगात कुणालाच नाहीत."