रेवताबाईची खुर्ची

"आज मी रेवताबाई, तू डॉक्टर. हं, कर सुरू," म्हणत आनंदराव सर पेशंटच्या खुर्चीत बसले. शिकवायची त्यांची हीच तऱ्हा. दवाखान्यातल्या एखाद्या पेशंटचं सोंग आपण घ्यायचं अन् शिकणाऱ्याला समोर बसवायचं.

ब्याऐंशी साल; मनाच्या दुखण्यावर बोलून इलाज करायचं शिकत होती धुरपता. पण शेवटी अड्याळसारख्या खेड्यातली पोर! समोरचं माणूस जरा गप्प झालं, की हिच्या तोंडून निघालंच, "जेवल्या का जी तुमी?" मागच्या खेपेला सर असे भडकले! "आपण पंगत वाढायले बसलो का इथं? त्या बाईचं दुःख वर येऊन राहिलं होतं, अन् तू त्याच्यावर भाताचं झाकण ठेवलं! पुन्हा असं केलं तर एकही पेशंट देणार नाही तुले."

आज चूप बसायचं. जीव गेला तरी.

"नवरा तलावात बुडाला माहा," सर रेवताबाई होऊन सांगू लागले. "त्याचं जाळं तसंच टांगून हाय."

धुरपता चूप.

"घरात आवाज नाही कशाचा."

ती चूपच. बाहेर रस्त्यावर एक सायकलरिक्षा घंटी वाजवत गेली.

"सकाळी पेपर येते. शब्दकोड्याचं पान अजूनही वेगळं काढून ठेवल्या जाते. सोडवणारं कोणी नाही."

धुरपतानं चमकून वर पाहिलं. सिहोऱ्याच्या रेवताबाईच्या झोपडीत कुठला आला पेपर? सरांच्या पत्नी दिवाळीच्या आधी वारल्या होत्या. कोणी समाचाराला गेलं, तर सर हवापाण्याच्या गोष्टी करून वाटेला लावत.

आता ते तिच्याकडे पाहतही नव्हते. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. वरठी स्टेशनावर जाऊन नागपूरची गाडी धरायची त्यांची वेळ झाली होती, तरी उठायचं नाव नाही. धुरपता शिकवल्याप्रमाणे अगदी बरोबर बसली होती, अन् तिला स्वतःची लाज वाटत होती. असं कसं हे शिक्षण, बाई! एवढ्या मोठ्या माणसाला एकटं पाडून बघत बसायचं?

"सर," तिला राहवलंच नाही, "जेवले का जी तुमी?"

सरांनी मान वर केली.

"चुकली तू," ते म्हणाले.

खुर्चीतून मात्र उठले नाहीत. हळूच म्हणाले, "नाही जेवलो."