अर्धा टक्का

पहिला नारिंगी शंकू आडवा झाला तेव्हा नवरा हसला. दुसरा पडला तेव्हा त्याने मोबाइलवरचं चित्रीकरण थांबवलं. तिसऱ्याला तो कठड्यावरून ओरडला, "अगं, समोर बघ जरा! गाडी आहे ती, शिलाई मशीन नाही!"

गाडीच्या काचा बंद होत्या. चौथाही पडला.

नवऱ्याच्या हातात चामड्याचे हातमोजे होते. पेरांवर भोकं असलेले, खास वेगवान गाड्या चालवणाऱ्यांचे. बुकिंग केलं त्याच दिवशी त्याने ते घेतले होते. गाडी मात्र आज बायको चालवत होती, आणि त्याला कारण होता अर्धा टक्का.

कर्ज बाईच्या नावावर घेतलं तर व्याज अर्ध्या टक्क्याने कमी पडतं, असं शोरूममधल्या विक्रेत्याने सांगितलं होतं. डाउन पेमेंटचे पैसेही तिचेच होते. वडिलांनी आपली जागा विकून ते तिला दिले होते, पाणी तपासायची स्वतःची प्रयोगशाळा काढ म्हणून. गाळा पाहून झाला होता. गाळेवाला या शुक्रवारपर्यंत थांबणार होता.

"प्रयोगशाळा काय पळून जातेय?" नवरा म्हणाला होता. "नळाचं पाणी पुढच्या वर्षीही घाणच असणार. ही गाडी चार सेकंदांत शंभरला जाते, चार!"

तो रोज ज्या ऑफिसात जायचा ते घरापासून सहा किलोमीटरवर होतं आणि वाटेत नऊ सिग्नल होते. वाचलेल्या सेकंदांचं तो काय करणार, हे तिने विचारलं नाही. विचारायला वेळही मिळाला नाही. तिचा मोबाइल घेऊन त्याने पैसे भरून टाकले आणि मग तिला सही करायला नेलं.

शोरूममध्ये तिने करार पहिल्या ओळीपासून वाचला. तेवढ्यात नवऱ्याची दुसरी कॉफी झाली. "औषधाच्या डब्यातला कागदसुद्धा वाचते ही," तो विक्रेत्याला म्हणाला. दोघंही हसले.

"आम्हीच बुकिंग रद्द केलं तर?" तिने विचारलं.

"मग काही परत मिळत नाही, मॅडम. आमचं धोरणच आहे तसं."

"आणि ही चाचणी कसली?"

"इतक्या ताकदीची गाडी आम्ही कुणाच्याही हाती देत नाही. ज्यांच्या नावावर गाडी, त्यांनी आधी ट्रॅकवर चालवून दाखवायची. नापास झाले तर गाडी नाही, पैसे पूर्ण परत. पण नापास कुणी होत नाही हो, मॅडम. नुसती औपचारिकता."

"हिला परीक्षेचं काय घेऊन बसलात!" नवरा म्हणाला. "सासऱ्यांनी जन्मभर जगाला शिकवलंय."

तिने सही केली. लायसन्स तिच्याकडे होतंच. लग्नाला अकरा वर्षं झाली, तितकी वर्षं ते पर्समध्ये पडून होतं. ती शेजारच्या सीटवर बसायची, आणि तो वाट चुकला तरी बोलायचं नाही असं घरात न बोलता ठरलेलं होतं.

रांगेतला शेवटचा शंकू पडला. गाडी रेषेवर येऊन हळूच थांबली. तिच्या बाजूला बसलेला प्रशिक्षक उतरला. तो शंकूंच्या रांगेतून सावकाश चालत गेला आणि परत आला. बंपरवरून त्याने तळहात फिरवला, वाकून दोन्ही बाजू पाहिल्या, आणि हातातल्या कागदावर लिहिलं: नापास.

"अहो, असं कसं?" नवरा कठड्यापलीकडून धावत आला. "घाबरली ती. सरका, मी दाखवतो चालवून." त्याने हातमोजे वर ओढले.

"गाडी मॅडमच्या नावावर आहे, साहेब," विक्रेता म्हणाला.

"मग नाव बदला!"

"ते नवीन बुकिंग धरलं जाईल. डाउन पेमेंट नव्याने भरावं लागेल."

"हेच पैसे वळते करा ना तिकडे."

"हे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातात, साहेब. धोरण…"

"खड्ड्यात गेलं तुमचं धोरण!" नवरा तिच्याकडे वळला. "झालं समाधान? ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवून बसलोय मी! बाप जन्मभर जगाला शिकवत राहिला आणि घरची पोर कोरीच्या कोरी!"

मग तो मॅनेजरला भेटायला निघाला. बायकांना अंतराचा अंदाज कसा येत नाही, हे तो वाटेत विक्रेत्याला समजावून सांगत होता. हातमोज्यांमुळे त्याला काचेच्या दाराची मूठ नीट फिरवता येईना. शेवटी विक्रेत्याने दार उघडून दिलं.

प्रशिक्षक किल्ली घ्यायला आला.

"बाई, एक विचारू?" तो हलक्या आवाजात म्हणाला. "नवशिक्याच्या हातून चुकून का होईना, एखादा शंकू वाचतो. तुमचा एकही वाचला नाही. आणि चाकाखालीही एकही आला नाही. गाडी चालवायला कुठे शिकलात?"

"वडिलांकडे. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. नुकतीच विकली ती जागा." तिने किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "शंकू वाचवता आले की बाकीच्यांना ते पास करायचे. माझी शेवटची परीक्षा त्यांनी उलटी घेतली होती. एकूण एक पाडायचा, आणि गाडीवर ओरखडा नको."