गोऱ्याचं दुःख

नेत्रा रडत होती, आणि तीही एका परक्या पुरुषासाठी.

परका म्हणजे पडद्यावरचा. अमेरिकेत, पिस्कॅटवे गावी शशिकांतकाकांच्या बेसमेंटमध्ये मराठी मंडळींचा सिनेमा क्लब भरला होता. सिनेमात एका गोऱ्या माणसाची नोकरी गेली होती आणि तो दोन तास नुसता सुतकी चेहरा करून हिंडत होता. दाढी वाढवली. ट्रकमध्ये बसून बिअर प्यायला. स्वतःच्याच गॅरेजचं दार लाथ मारून मोडलं. आणि आपली बायको त्याच्यासाठी कुर्त्याच्या बाहीला डोळे पुसतेय. निमिषचा नुसता जळफळाट झाला.

दीड वर्षापूर्वी तो नेत्राच्या मागोमाग अमेरिकेत आला. नोकरी तिची, व्हिसा तिचा, हा डिपेंडंट. काम करायची परवानगी नाही. पुण्यात त्याच्या हाताखाली अख्खी टीम होती, इथे हाताखाली कुकर. कोणी ‘तुम्ही काय करता?’ विचारलं की ‘सध्या ब्रेक घेतलाय’ म्हणायचं आणि विषय बदलायचा. त्याने कधी कशाला लाथ मारली? छे. मुकाट्याने भाज्या चिरल्या. त्याबद्दल कोणाच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही.

सिनेमा संपला, चहाबरोबर चर्चा सुरू झाली.

“पाश्चात्त्य पुरुषाची फार पंचाईत झालीय हो,” शशिकांतकाका चष्मा पुसत म्हणाले. “कमावणं गेलं की आपण कोण, हेच त्याला कळेनासं होतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. निमिषला वाटलं, सांगावं यांना, एवढा कळवळा आलाय तर इथे सतरंजीवर बसलोय मी, जरा इकडे बघा. पण नेत्रासुद्धा बघत नव्हती. ती मान खाली घालून बसली होती आणि चहा गार झाला होता. अजून त्या दाढीवाल्यातच अडकली असणार.

गाडीत बसल्यावर मात्र त्याला राहवलं नाही.

“काय आवडलं एवढं त्याच्यात?”

“कोणाच्यात?”

“त्या गोऱ्याच्यात. त्याच्यासाठी रडलीस. मी दीड वर्ष घरात कुजतोय, माझ्यासाठी रडलीस कधी? का मीपण दारं मोडायला हवी होती?”

नेत्राने किल्ली हातातच धरून ठेवली.

“मी त्याच्यासाठी नाही रडले. त्याच्या बायकोसाठी रडले.”

“बायको? ती होतीच कुठे सिनेमात?”

निमिष आठवू लागला. ट्रक आठवला, बिअरचे कॅन आठवले, ते दार आठवलं. बायको कधीतरी दारातून आत येत होती, पर्स ठेवत होती, परत कामावर जात होती. तिचा चेहरा काही केल्या आठवेना. घर तिच्या पगारावर चाललं होतं आणि एवढ्या चर्चेत तिचं नावही कोणी काढलं नव्हतं. त्याने नेत्राकडे नीट बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. हे कधी झालं, त्याला सांगता आलं नसतं.

“ऑफिसमध्ये ठीक आहे ना सगळं?” त्याने विचारलं.

“शुक्रवारी काढलं मला,” ती म्हणाली. “निम्मी टीम काढली. दोन महिन्यांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर व्हिसा गेला. दोघांचाही.”

काकांच्या घरासमोरून मंडळी एकेक करून निघून गेली, जाताना कोणी हातही केला.

“शुक्रवारी?” तो शेवटी म्हणाला. “मग सांगितलं का नाहीस मला?”

“कसं सांगणार?” नेत्रा म्हणाली. “तू आधीच इतका दुःखी होतास.”