वाढप

पंगतीचा कारभार बघणाऱ्या रखमाजी आप्पांनी आदिनाथच्या हातातून बुंदीची बादली काढून घेतली आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या वाढप्याच्या, अंगदच्या हातात दिली.

"तू वरण घे," ते म्हणाले. "वरणाला पळी असती."

आदिनाथ रिकाम्या हातानं तसाच उभा राहिला. सतरा वर्षांचं पोर. अंगात पूर्ण बाह्यांचा कोरा शर्ट, मनगटाच्या गुंड्यासुद्धा लावलेल्या. तरी उजव्या हातावरच्या टॅटूतल्या विंचवाची नांगी बाहीतून निघून अंगठ्यापर्यंत आली होती. मानेवर, कानाखाली, इंग्रजी अक्षरं होती. ती कुठल्याच शर्टात झाकली नसती.

त्याच्या बापानं, कचरूनं हे चुलीपासून पाहिलं. शर्ट त्यानंच पोरासाठी तीर्थपुरीच्या बाजारातून आणला होता. एवढ्यानं भागेल असं त्याला वाटलं होतं.

सप्ताहाचा पाचवा दिवस होता आणि आजचं जेवण कचरूकडून होतं, बायकोच्या नावानं. नंदाबाईला जाऊन वर्ष झालं होतं. गावाची रीत अशी, की ज्याच्या नावाची पंगत त्याच्या लेकरानं पहिलं गोड वाढायचं. गोड वाढल्याशिवाय जयजयकार होत नाही आणि जयजयकार झाल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. मांडवभर लोक भाताच्या पत्रावळीपुढं थांबून होते.

कचरू हात पुसत पुढं आला.

"आप्पा, बादली पोराला द्या."

"कचरू, बायाबापड्या बसल्यात. बुंदी मुठीनं वाढायची असती. त्याचा हात बघ."

"धुतलाय त्यानं हात."

"धुऊन जातंय का ते? लोक काय म्हणून राह्यले तुला म्हाईत न्हाई. जालन्यात कोण्या टोळीत हाय म्हणतेत. नशापाणी करतंय म्हणतेत."

"करतंय का?"

"मी म्हणत न्हाई. लोक म्हणतेत."

पंगतीतून कुणीतरी बोललं, "आदिनाथ, हरवू नये म्हणून मारला का रं शिक्का? आमच्या म्हशीच्या कानातबी बिल्ला हाय."

ओळ हसली. हसण्यात वैर नव्हतं, म्हणून कचरूला जास्तच चीड आली. भांडावं तरी कुणाशी.

"जाऊ द्या बापू," आदिनाथ म्हणाला. "मी वरण वाढतो."

"तू गप." कचरू आप्पांकडं वळला. "पहाटपासून चुलीला लाकडं कुणी लावली? पाक कुणी ढवळला? तवा न्हाई दिसला का कुणाला विंचू?"

आप्पांनी चुलीकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता. नंदाबाईला खांदा द्यायला हाच पहिला आला होता. त्यांनी अंगदकडून बादली घेतली आणि आदिनाथपुढं ठेवली.

"वाढ बाबा. घेतेत का बघ."

पहिल्याच पत्रावळीवर हात आडवा आला. "गोड बंद केलंय डॉक्टरनं." दुसऱ्यानं पहिल्याकडं पाहिलं आणि त्यानंही हात आडवा धरला. "पोट बराबर न्हाई." तिसऱ्यानं कारण सांगितलंच नाही. हीच माणसं कालच्या पंगतीला जिलेबी मागून मागून खात होती, कचरूनं पाहिलं होतं. मग ओळीनं हात आडवे होत गेले. मधे दोघांनी बुंदी घेतली. ते कीर्तनकाराबरोबर आलेले परगावचे होते.

कुणी वाकडं बोललं नाही. बोललं असतं तर कचरूला बरं वाटलं असतं. आदिनाथ प्रत्येकापुढं वाकत होता, मूठ भरत होता आणि मूठ परत बादलीत सोडत होता. एकही पत्रावळ त्यानं टाळली नाही. बस कर, असं ओरडून सांगावं असं कचरूला वाटलं. पण पंगत नंदाबाईच्या नावाची होती. ती असती तर तिनं एकेकाला नाव घेऊन वाढलं असतं, आणि नको म्हणायची कुणाची टाप झाली नसती.

बायकांच्या ओळीत पहिली सगुणाबाई बसली होती. गावातली सगळ्यांत म्हातारी. नंदाबाईच्या बाळंतपणाला तीच होती. आदिनाथला पहिली अंघोळ तिनंच घातली होती. कचरूचा जीव जरा भांड्यात पडला. ही घेईल. हिनं घेतलं की बाकीच्याही घेतील.

आदिनाथ वाकला. सगुणाबाईनं पत्रावळीवर हात पालथा धरला.

मनगटापासून कोपरापर्यंत तिचा हात गोंदलेला होता. तुळस, पाळणा, ठिपक्यांच्या ओळी. सगळं हिरवट पडलेलं आणि सुरकुत्यांत वाकडं झालेलं. आदिनाथ भरली मूठ तशीच धरून त्या हाताकडं बघत राहिला.

"आज्जे, हे गोंदताना दुखलं होतं का?"

टोमणा नव्हता. पोरगं खरंच विचारत होतं.

"लई रं," सगुणाबाई म्हणाली. "दोघीजणींनी दाबून धरलं होतं मला. आठ दिस हात सुजला होता. तुझं?"

"माझंबी सुजलं होतं."

"सुजणारच. सुई ती सुईच." तिनं दुसऱ्या हाताचं बोट तुळशीवरून हळूच फिरवलं.

पत्रावळीवरचा हात मात्र तिनं काढला नाही.