गंधकाची भावकी

दगडाबाईनं पायातली जोडवी काढून काउंटरवर ठेवली. महिन्यापूर्वीच इथून उजळून नेली होती. पुन्हा काळीठिक्कर.

“मावशी, बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी तुम्हीच देता ना?” सराफाची सून सोनिया म्हणाली. ती बीएस्सी झालेली. “कामाला जाताना जोडवी काढून ठेवायची की.”

“न्हाई गं. धनी हायत अजून.”

धनी दहा वर्षांमागं ट्रक घेऊन पलूसमधनं गेला, तो आलाच नव्हता. सोनियाला ते माहीत होतं.

वाटीत ॲल्युमिनियमचा कागद अंथरून तिनं त्यावर जोडवी ठेवली, मीठ आणि खायचा सोडा टाकला, उकळतं पाणी ओतलं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. दगडाबाई स्टुलावरून वाकून बघत राहिली.

“गंधक ऑक्सिजनच्याच भावकीतला. ऑक्सिजन लोखंडाला धरतो, गंज चढतो. हा चांदीला धरतो. पण ॲल्युमिनियम भेटलं, की चांदीला सोडून तिकडं जातो,” सोनिया म्हणाली.

“आन चांदी?”

“चांदी मोकळी होते.”

दगडाबाईनं जोडवी पुसून पुन्हा पायात चढवली.

निघताना सोनियानं उरलेला कागद गुंडाळून तिच्या हातात दिला. “आता घरीच करा. पाच मिनिटांचं काम. एवढ्यासाठी हेलपाटा नको तुम्हाला.”

जोडवी पुन्हा काळी पडली तेव्हा दगडाबाईनं सांगितल्यासारखं सगळं केलं. बोटाला चटका बसला, पण जोडवी लख्ख निघाली. ती तळहातावर घेऊन दगडाबाई दारात आली. शेजारच्या घराला कुलूप होतं. समोरची माणसं टीव्ही बघत होती. थोडा वेळ उभी राहून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात हजर झाली.

“मला काय जमलं न्हाई गं.”

दगडाबाईनं पायातून काढून दिलेली जोडवी सोनियानं हातात घेतली. नव्यासारखी चकाकत होती. तिनं वर बघितलं. दगडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती आणि स्टुलावर जाऊन बसलीही होती.

सोनियानं जोडवी उलटसुलट करून पाहिली.

“ह्या खेपेला लयच काळी पडल्यात, मावशी,” ती म्हणाली. “तासभर तरी लागंल.”