ह्यांना चालतं

मिस्त्रीनं ग्राइंडर हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"वहिनी, मोठे टायर बसवायचे तर मडगार्ड कापावं लागेल. आणि एकदा कापलं की गेलं. पुन्हा जोडलं तरी ठिगळ दिसणारच."

"दिसू दे."

व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीवर तिचा नवरा बसला होता. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची उजवी बाजू नेली होती आणि वाचाही. खुर्ची तिनंच अंगणाकडे तोंड करून लावली होती, डोळ्यांवर ऊन येणार नाही अशा बेतानं. समोर जीप उभी होती. त्याच्या वडिलांच्या वेळची, गडद हिरवी, बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा इतकी लखलखीत. हिच्यात एक नटसुद्धा बाहेरचा नाही, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचा. घराच्या दाराशेजारच्या खुंटीवर जीपचं पिवळं फडकं असायचं. ते सरळ फिरवायचं, गोल फिरवलं की रंगावर ओरखडे उठतात, असं म्हणून एकदा त्यानं ते बायकोच्या हातातून काढून घेतलं होतं. त्यानंतर तिनं त्या फडक्याला हात लावला नव्हता.

"हिची एक काच फुटली तर मी जुने बाजार पालथे घातले होते," मिस्त्री आवाज खाली आणून म्हणाला. "साहेबांना एकदा विचारून घेतलं असतं..."

खुर्चीच्या हातावर डाव्या मुठीचे ठोके पडायला लागले. मिस्त्रीनं वळून पाहिलं.

"काय म्हणतायत?"

"ह्यांना चालतं," ती म्हणाली.

ठोके थांबले. शब्द त्याचेच होते. पडद्यांचा रंग असो, पाहुण्यांचा मुक्काम असो की तिनं सोडलेली नोकरी, कुणीही तिला काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. हिला चालतं.

मिस्त्रीनं मान खाली घातली आणि ग्राइंडर सुरू केला. अंगणभर ठिणग्या उडाल्या. मडगार्डची कड सुटून फरशीवर खणकन पडली. कुणाच्या पायात जाईल म्हणून तिनं ती उचलून भिंतीशी ठेवली. मग आत गेली, गोळी कुटून पाण्यात कालवून आणली आणि नवऱ्याला चमच्यानं पाजली. त्याचं औषध, अंघोळ, खाणं, यात तिनं कधी खाडा केला नव्हता.

टायर चढले. गाडी एकदम उंच, धटिंगण दिसायला लागली. उरला गिअरच्या दांड्याशेजारचा आखूड दांडा. तो मागं ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि गाडी चिखलातून निघते. पण तो हलेना. मिस्त्री गाडीखाली शिरला.

"कमाल आहे. वरून आरसा आणि खाली हा गंज. साहेबांनी हा कधी ओढलाच नाही की काय?"

"मी सांगितलं होतं एकदा."

गाडीखालून नुसते पाय दिसत होते. ती त्या पायांशीच बोलत राहिली, भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात.

"माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते. खिंडीच्या पलीकडे माहेर माझं. पावसानं रस्ता नुसता राडा झालेला, बस अलीकडेच थांबली होती. मी ह्यांना म्हटलं, जीप काढा. तर म्हणाले, ही काय चिखलात घालायला आहे? रंग जातो."

"मग?"

"मग काय. मी गेले चालत. पोचले तेव्हा दारात चपलांची रास होती."

खालून हातोडीचे घाव जोरात पडायला लागले. थोड्या वेळानं दांडा सुटला.

तिनं हात पुसले आणि स्टिअरिंगमागं जाऊन बसली. मिस्त्रीच्या भंगार व्हॅनवर ती गाडी चालवायला शिकली होती, हे नवऱ्याला आज कळत होतं.

"ह्यांच्यापाशी बसा जरा. खिंड ओलांडून येते."

"कालच्या पावसानं रस्ता बेकार झालाय, वहिनी."

"म्हणूनच आज."

ती परतली तेव्हा आधी आवाज आला, मग गाडी. काचेपर्यंत चिखल. बंपरमध्ये झुडपाची फांदी अडकलेली. दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा, खालचा पत्रा उघडा पडलेला. तिनं जीप थेट खुर्चीसमोर आणून लावली, इतकी जवळ की तापलेल्या इंजिनाची धग व्हरांड्यात पोचली.

मिस्त्रीला हसू आवरेना. "साहेब, आज पहिल्यांदा हिला गाडीचा वास येतोय."

नवऱ्याचा डावा हात वर गेला. बोट घराच्या दाराकडे होतं, खुंटीकडे.

"पुसून घे म्हणतायत," मिस्त्री म्हणाला.

"हो. कळलं मला."

तिनं पिवळं फडकं खुंटीवरून काढलं, झटकलं आणि जीपकडे न जाता खुर्चीपाशी आली. वाकून एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि ओठांच्या कडेनं ओघळलेली लाळ पुसायला लागली. सावकाश. गोल, गोल.